बदलायचं कामून?

व्हालमामांच्या घरी नवी कोरी वस्तू येते ती फक्त आहेरात. बाकी जे काही दिसतं ते आधी दुसऱ्या कुणाचं तरी असतं, किंवा मामांचंच पण भलत्याच कामाचं असतं. बैठकीतल्या कूलरला उफणणीच्या यंत्राचा पंखा बसवलेला आहे. तो लावला की गारवा जेमतेम येतो, पण भिंतीवरचं कॅलेंडर चैत्रातून थेट मार्गशीर्षात जातं. घड्याळाला मिनिटकाटा नाही. कुणी विचारलंच तर मामा म्हणतात, "तास कळला म्हंजी झालं. मिनटाचं काम ज्याला गाडी धरायची त्याला. आन् गाडी हाय गंगाखेडला." चष्म्याची डावी काडी जळालेल्या मोटारीच्या वायंडिंगमधल्या तांब्याच्या तारेची आहे. मोटार जळाली, तार कुठं जळाली होती?

मामी नव्या वस्तू आणतात, पण लपवून. कुकरची नवी गास्केट आणली की तिला आधी तेल लावायचं, मग चुलीतली राख चोळायची आणि दोन दिवस माळवदावर उन्हात टाकायची. तिचं नवेपण पुरतं गेलं की मग कुकरला लावायची. जेवताना शिट्टी ऐकून मामा समाधानानं मान डोलावतात. "म्हनत व्हतो ना, ही गास्केट आजून दोन वर्सं हालत न्हाई." मामी भाकरी वाढतात.

असा माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावी एक तरी असतोच. आमच्या पालमच्या वाट्याला हा आला. त्यांचं खरं नाव सातबाऱ्यावर आहे, ते तिथंच राहू द्यावं. लोक त्यांना कंजूष म्हणतात, ते मला पटत नाही. कंजूष पैसा वाचवतो. मामा वस्तू वाचवतात, मग त्यासाठी पैसा गेला तरी चालेल. एका जुन्या प्लगसाठी त्यांनी नव्या प्लगच्या दीडपट पेट्रोल जाळून परभणी गाठलेली मी पाहिली आहे. कंजुषाला खर्च टळल्याचा आनंद होतो. मामांना मेलेली वस्तू उठून बसली याचा होतो. दुरुस्त झालेल्या मिक्सरकडे ते दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाकडे बघावं तसे बघतात.

ही सवय कुठून आली ते शोधायला फार लांब जावं लागत नाही. एकाच 1972 साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला आणि लूना मोपेड बाजारात आली. मामांच्या स्वभावात दोन्ही आहेत. शिवाय आमचा भाग असा की पीक इथं, स्पेअर पार्ट परभणीत किंवा नांदेडात, आणि लाईट रात्री. पावसाळ्यात लेंडी नदी चढली की पलीकडच्या गावांचा संपर्कच तुटतो. मग विहिरीवरच्या मोटारीचं काही बिघडलं तर समोर जे पडलेलं असेल त्यातूनच मार्ग काढायचा. ज्यांना दुकान जवळ असतं त्यांना 'टाकून द्या, नवीन घ्या' हे सांगणं सोपं जातं.

मामांचं नाव पडलं ते विहिरीतल्या फूट व्हॉल्व्हवरून. हा व्हॉल्व्ह पाइपाच्या तळाशी पाण्यात असतो. पाणी वर जाऊ देतो, खाली परतू देत नाही. त्याची झडप गळायला लागली की पाइप रिकामा होतो, मोटार नुसती कोरडी घुमते, आणि शेतकरी मध्यरात्री बादली घेऊन पंपाच्या तोंडात पाणी ओतत बसतो. तोवर लाईट जायची वेळ होते. मामा त्या झडपेला जुन्या चपलेच्या चामड्याचा नाहीतर सायकलच्या ट्यूबचा वायसर कापून बसवायचे. बसवलेला वायसर तीन-तीन हंगाम टिकायचा. पंचक्रोशीत कुणाचा व्हाल गळाला की मामांना निरोप. अडचण एवढीच झाली की त्या यशातून मामांची अशी ठाम समजूत झाली की जगातला कोणताही व्हाल सायकलच्या ट्यूबपुढं शरण येतो.

आता मामांच्या गाडीकडे येतो.

मामांचा धंदा मंडपाचा. कापड, सतरंज्या, पातेली, स्पीकर, आणि मागणी असेल तर नवरदेवाची खुर्ची. पूर्वी लग्नात वऱ्हाडाची जी सोय करायची त्यात जानोशाला पाणी, चहा आणि पहाटेसाठी टमरेलं एवढं दिलं की झालं. कोणत्या बांधाकडे जायचं ते वधूपक्षातला एखादा पोरगा हातानं दाखवायचा. नंतर दिवस पालटले. 2000 सालापासून गाडगेबाबांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान आलं. पुढं गुड मॉर्निंग पथकं आली. भल्या पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या सभ्य गृहस्थासमोर झुडपाआडून शिट्टी वाजायची, कधी हातात गुलाबाचं फूल यायचं. फुलाचा सत्कार माणसाला सगळीकडे आवडतो असं नाही. 2014 च्या 2 ऑक्टोबरला स्वच्छ भारत सुरू झालं, खेड्यात घरामागं संडास बांधायला 12 हजार रुपये मिळू लागले, आणि हळूहळू पुण्याला कामाला गेलेली पोरं लग्न ठरवतानाच विचारायला लागली, "सोय काय आहे?" ही सोय म्हणजे जेवणाची नव्हे, हे मामांच्या लवकर लक्षात आलं.

त्यांनी एक फिरतं शौचालय घेतलं. अर्थातच वापरलेलं. ट्रॅक्टरला जोडायची दोन चाकांची गाडी, फायबरच्या चार खोल्या, वर पाण्याची टाकी, खाली मैल्याची टाकी, आणि मागच्या बाजूला बोल्टनं आवळलेला तीन इंची व्हाल. तो उघडला की टाकी रिकामी. गाडीला रंग दिला त्या पेंटरकडे मंडपाचेच स्टेन्सिल होते, त्यामुळे चारही दारांवर 'सुस्वागतम्' आलं. मामांनी ते राहू दिलं. "चुकीचं काय हाय त्यात?" खरंच, चुकीचं काही नव्हतं.

गाडी चालली. लग्नं, सप्ताह, पुढाऱ्यांच्या सभा. सप्ताहाच्या काल्याला गाडीपुढं जी रांग लागायची ती महाप्रसादाच्या रांगेशी स्पर्धा करायची, आणि काही मंडळी दोन्हीकडे नंबर लावून ठेवायची. मार्गशीर्षात लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं, तमाशाचे फड, दिसेल तिकडे माणूस. एका वर्षी मामा गाडी तिकडे घेऊन गेले. धंदा मनासारखा झाला. परत येताना मात्र व्हाल गळायला लागला. मामा ट्रॅक्टरवर, पाठ गाडीकडे, वारा समोरून. त्यांना काही कळलं नाही. मागून येणारे मोटारसायकलवाले हातवारे करत होते, ते मामांना ओळखीचे वाटले. त्यांनी प्रत्येकाला हात उंचावून रामराम केला. माळेगावहून पालमला मामा कोणत्या रस्त्यानं आले हे दुसऱ्या दिवशी कुणालाही विचारावं लागलं नाही.

एरवी विहिरीवर व्हाल खोलला की दहा माणसं वाकून बघतात. प्रत्येकाला पाना हातात हवा असतो. या व्हालची बातमी पसरली तशी मंडळी जमली खरी, पण हॉटेलच्या कट्ट्यावर, रस्त्यापलीकडे, वाऱ्याच्या उलट्या अंगाला. तिथून सल्ले येऊ लागले, आणि अंतर जास्त असल्यामुळे ते ओरडून येऊ लागले.

"मामा, हातोडी मारा हळूच!"

"मामा, डावीकडचा बोल्ट आवळा!"

"व्हय रं, तू ये की हिकडं दाखवायला."

वारा फिरला तसा कट्टा बदलला. सल्ले तेच राहिले.

त्यातच एकानं, अगदी सहज, चहाचा कप खाली ठेवता ठेवता सुचवलं की त्या गल्लीतल्या अमक्याला बोलवा, त्याचं कामच आहे ते. असं सुचवताना आपल्याकडे कुणाचा आवाज बदलत नाही. मामा तोवर टायरला दगड लावत होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "त्याचा काय संबंध? घान पावन्यांची, भाडं घेतलं म्या, गाडी माजी. त्यानं कामून यायचं?" आणि बनियनवर, डोक्याला उपरणं बांधून, हातांत मामींनी दिलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या घालून ते गाडीखाली सरकले. कट्ट्यावर थोडा वेळ चहाबद्दल बोलणं झालं.

मामा इतर बाबतींत बेफिकीर आहेत. उघड्या वायरी दातांनी सोलतात, शिडीला दोरी बांधून तिचा पूल करतात. पण एका बाबतीत त्यांच्याशी वाद घालता येत नाही: टाकीत कुणी उतरायचं नाही, डोकंसुद्धा आत घालायचं नाही. कामावरचा बारक्या एकदा मोबाईलचा टॉर्च लावून झाकणातून आत डोकवायला गेला, तर मामांनी त्याला पँट धरून मागं ओढला. "वास येतोय तवर बरं. वास यायचा बंद झाला की पळायचं." हे गावठी वाटलं तरी खरं आहे. मैल्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास देतो, फार झाला तर नाकच बधिर करतो, आणि माणसाला वाटतं हवा स्वच्छ झाली. 2013 च्या कायद्यानं हातानं मैला उपसायला लावणं आणि साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं. अशा कामात होणाऱ्या मृत्यूंना 10 लाखांची भरपाई द्यायचं सर्वोच्च न्यायालयानं 2014 साली सांगितलं आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती 30 लाख केली. तरी पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी येतच राहते. मामा ती बातमी मोठ्यानं वाचतात, बारक्याला समोर बसवून.

पण व्हाल बदलायचा का, या प्रश्नावर मामा मामाच राहिले. "बदलायचं कामून? बसवू की!"

पहिल्यांदा त्यांनी बोल्ट आवळले. गळती थांबेना म्हणून आणखी आवळले. प्लास्टिकची फ्लँज एका कोपऱ्यात इतकी आवळली गेली की दुसऱ्या कोपऱ्यात तिनं तोंड उघडलं. मग मामांनी व्हाल खोलला. आत एक सपाट पातं असतं. दांडी ओढली की ते बाहेर सरकतं, ढकललं की खोबणीत जाऊन बसतं, आणि दोन्ही बाजूंचे रबरी सील त्याला धरून ठेवतात. सगळी करामत त्या खोबणीत. तिच्या तळाशी काही अडकलं तर पातं केसभर वर राहतं, आणि या धंद्यात केसभर म्हणजे पुष्कळ. मामांनी खोबणी खरवडली तेव्हा आतून गुटख्याच्या पुड्यांचा एक छान दाबलेला थर निघाला. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. खोबणीत मात्र चार-पाच निरनिराळ्या कंपन्यांचा माल होता.

मग ग्रीस. मामांनी ट्रॅक्टरच्या बेअरिंगचं काळं ग्रीस सीलला सढळ हातानं लावलं. पातं लोण्यासारखं सरकायला लागलं. मामा खूश. खनिज तेलाचं ग्रीस रबराला फुगवतं, हे रबर बोलून दाखवत नाही. आठवडाभर थांबतं आणि मग फुगतं. एका लग्नात, अक्षतांच्या आधी, व्हाल बंद अवस्थेत जाम झाला आणि टाकी भरली. मंगलाष्टकं लांबवा असा निरोप भटजींकडे गेला तो ट्रॅक्टरवरून.

त्यानंतर अर्थातच सायकलची ट्यूब. मामांनी कात्रीनं सुंदर गोल कापले, दोन्ही बाजूंना दुहेरी बसवले. दुहेरीमुळे सील जाड झाले आणि पातं शिरेना. हातोडीनं शिरवलं तर सीलची ओठासारखी कड आत दुमडली. पाण्याला ही चूक चालते. विहिरीचा व्हाल थोडा पाझरला तर फार तर बादलीभर पाणी ओतावं लागतं, पाझरलेलं पुन्हा विहिरीतच जातं. इथं पाझरलेलं परत जात नसे, आणि जिथं पडे तिथल्या घराचा मालक मामांच्या घरी येई.

मामींनी अमेरिकेतल्या भाच्याला फोन लावला. हा मुलगा डॅलसजवळ राहतो, नोकरी संगणकाची, आणि सुट्टीत बायकापोरांसह एक चाकांचं घर गाडीमागं बांधून रानोमाळ हिंडतो. त्या घरात बिछाने, चूल, न्हाणी, सगळं. खाली दोन टाक्या, एक धुण्याभांड्याच्या पाण्याची, एक काळी. व्हिडिओवर त्यानं घर दाखवलं. मामांनी बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "घर वढून न्यायचं म्हंजी मागं गोठा कोन बगतंय?"

"गोठा नाहीये, मामा."

"मंग घरी ऱ्हायला काय झालं?"

पण काळ्या टाकीचा विषय निघाला तसे मामा फोनच्या जवळ सरकले. भाच्यानं सांगितलं की व्हाल कायम उघडा ठेवायचा नाही. पातळ तेवढं निघून जातं आणि घट्टाचा ढीग आत वाळतो. टाकी बऱ्यापैकी भरू द्यायची, मग एकदम सोडायची. आधी काळी टाकी रिकामी करायची, नंतर दुसरी, म्हणजे दुसरीच्या पाण्यानं पाइप आपोआप धुतला जातो. मामांनी मांडीवर थाप मारली. "हुशार लोक हायत गड्या. आधी घट्ट, मंग पातळ!" हा नियम त्यांनी त्याच दिवशी जेवणालाही लावला, आणि ताक भातानंतर मागितलं.

"पण व्हाल मात्र बदला, मामा. चार बोल्ट, दोन सील. इथं कुणी दुरुस्त करत नाही, काढून टाकतात."

मामा गप्प झाले. फोन ठेवल्यावर म्हणाले, "पोरगं वाया गेलं."

तरी गळती थांबत नव्हती आणि लग्नसराई तोंडावर होती. शेवटी मामींनी बारक्याला पैसे दिले आणि गुपचूप नवा व्हाल आणायला सांगितलं. बारक्या पाइपाच्या दुकानात गेला आणि म्हणाला, "तीन इंची." दुकानदारानं 90 मिलीमीटरचा काढून दिला, कारण शेतीच्या पाइपात तीन इंची म्हणजे 90. तो गाडीच्या नळकांड्याला ढिला झाला. नळकांडं बसवलं होतं प्लंबरनं, आणि संडासाच्या पाइपात तीन इंची म्हणजे 75. शेतकऱ्याच्या हिशेबानं 75 ला अडीच इंची म्हणतात. बारक्या परत गेला आणि म्हणाला, "अडीच इंची द्या, पन तीन इंची." दुकानदारानं त्याला पाणी पाजलं. दोन्ही पाइप एकाच मांडणीवर, एकाच कंपनीचे, आणि त्यांच्यात बोलणं नाही! मापाचं निभलं तर जातीचं अडलं: दुकानात होता तो बॉलवाला, पाण्याचा, त्याच्या गोळ्याभोवतीच्या पोकळीत गाळ बसला की तो फिरत नाही. पात्याचा हवा तर नांदेडला, मैल्याचे टँकर बांधणारं वर्कशॉप गाठायला हवं. बारक्या तिथं गेला, जुना व्हाल सोबत घेऊन गेला हे त्याचं शहाणपण, आणि फ्लँजची भोकं जुळवून नवा घेऊन आला.

रात्री मामींनी तो ताब्यात घेतला. तेल, राख, वर थोडं शेण. दांडीवर विळ्यानं दोन ओरखडे. बोल्ट गंजके हवेत म्हणून मिठाच्या पाण्यात. सकाळी बारक्यानं तो मामांपुढं टाकला. "भंगारात घावला, मामा. नांदेडला."

मामांनी व्हाल हातात घेऊन वजन पाहिलं. दांडी ओढली, ढकलली. पातं सरसर गेलं आणि जागेवर बसताना टक् आवाज आला. मामांचा चेहरा उजळला. "हे बग. याला म्हंत्यात जुना माल! आजकालचं असलं का करत्यात?"

मग मात्र त्यांनी काम असं केलं की बघत राहावं. टाकी शेतात नेऊन खड्ड्यात रिकामी केली, विहिरीपासून लांब, आणि वर चुना, माती, उसाचं पाचट. वर्षभर हात लावायचा नाही, मग ते सोनखत. ज्या शेजाऱ्यानं वास येतो म्हणून भांडण काढलं होतं त्यानंच पुढच्या खतासाठी नंबर लावला आहे. टाकीत अर्धं पाणी भरून गाडी ट्रॅक्टरमागं चार फेऱ्या पळवली, म्हणजे हिसक्यांनी आतला गाळ सुटतो. अमेरिकेतही असंच करतात म्हणे. आपल्याकडे त्यासाठी खड्डे शोधत हिंडावं लागत नाही एवढंच. फ्लँजची तोंडं मामांनी लाकडी पट्टीनं खरवडली, लोखंडानं नाही, ओरखडा पडला की तिथूनच पाझरतं. सीलला ग्रीस लावायची वेळ आली तेव्हा काळा डबा त्यांनी आपण होऊन बाजूला सारला आणि नळवाल्याकडून मागून आणलेल्या सिलिकॉनच्या ट्यूबमधलं बोटभर लावलं. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, पाना दोन बोटांत धरून. तीन वेळा गळालेल्या व्हालनं त्यांना जे शिकवलं ते त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण हातांना ते पाठ झालं होतं.

आतल्या सीलपाशी मामा जरा थांबले. गाडीखालून बराच वेळ आवाज आला नाही. मग एक हात बाहेर आला, त्यात एक छोटा पांढरा चिकटकागद. मामींनी राख सगळीकडे चोळली होती, पण फ्लँजच्या आतल्या बाजूला बोट पोचलं नव्हतं. कागदावर बारकोड होता, तारीख होती आणि एमआरपी होती, सर्व करांसहित.

"भंगारवाले आता एमआरपी लावायलेत का?" मामा गाडीखालून म्हणाले.

मामी तांदूळ निवडत होत्या. "लावत असत्याल," त्या म्हणाल्या. "समदंच महाग झालंय."

पुन्हा शांतता. मग पाना फिरल्याचा आवाज आला. टाकीत पाणी भरलं, खाली जुना पेपर अंथरला, आणि तो सकाळपर्यंत कोरडा राहिला. मामा सकाळी तो पेपर घडी करून परत वाचायला घेऊन गेले. जेवताना त्यांनी कुकरच्या गास्केटकडे जरा निरखून पाहिलं, पण विषय काढला नाही.

पुढच्या महिन्यात भाच्याचा फोन आला. कुठल्याशा रानात, वस्तीपासून दूर, त्याच्याच गाडीचा व्हाल गळायला लागला होता. दुकान लांब, वरून रविवार. आवाज रडवेला होता. मामांनी आधी मामींना फोनपासून दूर बसवलं, मग खुर्ची ओढली आणि सावकाश, एकेक पायरी समजावून सांगितली: खोबणी साफ कर, समोरासमोर बोल्ट, लोखंड लावू नको, काळं ग्रीस तर अजिबात नको. भाचा म्हणाला, सील फाटलंय. मामा म्हणाले, मग सायकलची ट्यूब काप, पण एकेरी, दुहेरी नको. भाचा म्हणाला, इथं जुनी ट्यूब कुठून आणू मामा, घरी पोचल्यावर नवा व्हालच घेतो.

दुपारी मामा कुरिअरच्या टपरीवर उभे होते.

"काय हाय पाकिटात?" पोरानं विचारलं.

"सायकलची ट्यूब. अमेरिकेला जायची."

पोरगं टाइप करायचं थांबलं. "नवी का वापरलेली?"

"वापरलेली," मामा म्हणाले. "नवीचं काय खरं हाय?"

"किंमत किती लिवू?"

मामांनी काउंटरवर वाकून फॉर्म बघितला, चष्म्याची तार नीट केली आणि विचारलं, "पंक्चर किती काढलेत ते लिवायची जागा हाय का यात?"